आवर्तन मोजणाऱ्या कानांसाठी ब्राम्स : क्लायबरच्या चौथ्या सिंफनीचे ध्वनिमुद्रण

योहानेस ब्राम्स या जर्मन संगीतकाराच्या चौथ्या सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या चार भागांच्या मोठ्या रचनेची (ई मायनर, ओपस ९८), ध्वनिमुद्रणे ढिगाने मिळतात. त्यांतले एकच घ्यायचे झाले, तर कार्लोस क्लायबर या कंडक्टरने, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकाने, व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले, मार्च १९८० मध्ये व्हिएन्नाच्या मुझीकफेराइन सभागृहात मुद्रित झालेले आणि डॉइच ग्रामोफोनने प्रसिद्ध केलेले घ्यावे, हे जाणकारांनी इतक्यांदा सांगितले आहे की त्याला आता माझ्या दुजोऱ्याची गरज उरलेली नाही. हे परीक्षण लिहावेसे वाटले ते निराळ्या कारणासाठी. कोल्हापुरात आजही असे बरेच श्रोते आहेत, ज्यांचा कान जयपूर-अत्रौली गायकीवर तयार झाला आहे, ज्यांना देवल क्लबातल्या मैफिलीत मांडीवर मात्रा मोजण्याची सवय आहे, आणि ज्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाला ‘ते काही आपल्याला कळत नाही’ असे म्हणून कायमचे बाजूला ठेवले आहे. अशांना सहसा बीथोव्हेनची पाचवी किंवा द्वोर्झाकची नववी सिंफनी सुचवली जाते, कारण त्या पटकन भिडतात. माझे मत असे आहे की कोल्हापूरच्या श्रोत्याने ब्राम्सच्या चौथीपासून, तेही तिच्या शेवटच्या भागापासून सुरुवात करावी आणि त्यासाठी क्लायबरचेच ध्वनिमुद्रण घ्यावे. ही रचना रूक्ष आणि पंडिती आहे, असा तिचा लौकिक तिच्या जन्मापासून आहे. तो आपल्याला लागू पडत नाही, हे पुढे सांगतो.

आधी रचनेची हकिगत सांगणे आवश्यक आहे. ब्राम्सचा जन्म १८३३ मध्ये हॅम्बुर्गला झाला आणि त्याची पहिली सिंफनी १८७६ मध्ये, म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी लोकांपुढे आली. बीथोव्हेननंतर सिंफनी लिहायला हात धजत नाही, हे तो मित्रांना उघडपणे सांगत असे. पहिलीचा अडसर दूर झाल्यावर मात्र दुसरी पाठोपाठ पुढल्याच वर्षी आली, तिसरी १८८३ मध्ये, आणि चौथी १८८४ व १८८५ अशा दोन उन्हाळ्यांत ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क भागातल्या म्युर्झत्सुश्लाग या डोंगराळ गावात लिहिली गेली. तिथल्या हवेत चेरी पिकून गोड होत नाहीत, त्यामुळे या सिंफनीलाही तिथल्या हवेची आंबट चव लागली असावी, अशी धास्ती त्याने पत्रातून व्यक्त केली होती. ब्राम्सच्या विनोदाची ही जात ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण स्वतःच्या सर्वांत गंभीर कामाविषयी तो नेहमी असाच आडून बोलत असे. त्याच गावात तो राहत होता त्या घरातल्या सुताराच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा हा गृहस्थ बाह्या सरसावून पाण्याच्या बादल्या पोहोचवण्यात गुंतला आणि सिंफनीची हस्तलिखित पाने वाचवण्याचे काम त्याच्या स्नेह्यांना करावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी पाहिले आहे, त्या कोल्हापूरकरांना कागद आणि लाकूड किती लवकर जातात हे समजावून सांगण्याची गरज नाही.

रचना पूर्ण झाल्यावर ब्राम्सने इग्नाझ ब्र्युल या मित्राला सोबत घेऊन ती दोन पियानोंवर निवडक जाणकारांना वाजवून दाखवली. श्रोत्यांत समीक्षक एडुआर्ट हान्स्लिक होता, शल्यचिकित्सक आणि संगीतप्रेमी थेओडोर बिलरोट होता, कंडक्टर हान्स रिश्टर होता आणि पुढे ब्राम्सचे मोठे चरित्र लिहिणारा माक्स काल्बेकही होता. पहिला भाग संपल्यावर खोलीत अवघडलेली शांतता पसरली, आणि दोन विलक्षण हुशार माणसांनी मिळून आपल्याला बदडून काढल्यासारखे वाटले, असे उद्गार हान्स्लिकने काढले. हा हान्स्लिक ब्राम्सचा सर्वांत खंदा पाठीराखा होता, हे लक्षात घेतले म्हणजे परिस्थितीची कल्पना येते. काल्बेकने तर पुढे जाऊन तिसरा भाग काढून टाकावा आणि चौथा भाग स्वतंत्र रचना म्हणून छापावा, असा सल्ला दिला. ब्राम्सने तो मानला नाही, हे आपले नशीब. २५ ऑक्टोबर १८८५ रोजी माइनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदाने ब्राम्सच्याच नेतृत्वाखाली ही सिंफनी प्रथम सादर केली. हा वाद्यवृंद कंडक्टर हान्स फॉन ब्यूलोने घडवलेला होता आणि एका लहानशा संस्थानिकाच्या आश्रयावर चालत होता. दरबारच्या आश्रयाने संगीत कोणत्या उंचीला जाऊ शकते, हे शाहू महाराजांच्या गावात निराळे सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या सिंफनीचा चौथा भाग ‘पासाकालिया’ या जुन्या, बरोक काळातल्या बंधात आहे. या बंधात एक लहानशी स्वरावली ठरवून घेतात आणि ती अखंड फिरत ठेवून तिच्यावर दरवेळी नवी मांडणी करतात. ब्राम्सने ही स्वरावली योहान सेबास्टियन बाखच्या एका कँटाटाच्या, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीच्या धार्मिक रचनेच्या (बाख रचनासूचीतील क्रमांक १५०) अखेरच्या समूहगीतावरून घेतली आणि तिच्यात एक स्वर आपल्या पदरचा घातला. पाश्चात्त्यांच्या ‘ई’ला षड्ज मानले तर ती अशी होते : सा, रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, पुन्हा प आणि सा. त्यातला तीव्र मध्यम हा ब्राम्सचा. बाखचा तो धागा वाद्यवृंदाच्या भव्य भागासाठी फार सरळ आणि ठोकळेबाज आहे, त्याला कुठे तरी वळवायला हवे, असे त्याने पूर्वीच एकदा बोलून दाखवले होते, अशी आठवण नोंदलेली आहे. शुद्ध मध्यमाला खेटून तीव्र मध्यम आला की काय होते, हे ललत ऐकणाऱ्या माणसाला ठाऊक असते. तिथे स्वर क्षणभर अडखळतो आणि मग पंचमावर पोहोचणे ही सुटका ठरते. (ललतात पंचमच वर्ज्य असल्यामुळे ती सुटकाही मिळत नाही, हा भाग वेगळा.) ब्राम्सने त्या एका स्वरामुळे सरळ चढणाऱ्या ओळीत एक पीळ घातला आहे, आणि पुढची सगळी मिनिटे तो पीळ पुन्हा पुन्हा कानांवर येत राहतो.

या आठ स्वरांना प्रत्येकी एक घर, म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, दिलेले आहे आणि प्रत्येक घरात तीन मात्रा आहेत, म्हणजे आपल्या हिशेबाने हे २४ मात्रांचे आवर्तन झाले. मूळ आवर्तन एकदा वाजते, त्यानंतर ३० आवर्तने होतात आणि मग शेवटचा वेगवान कोडा, म्हणजे समारोपाचा तुकडा, येतो. पाश्चात्त्य श्रोत्याला यातले कठीण वाटते ते हेच, कारण एका कथानकासारखी पुढे पुढे जाणारी सिंफनी ऐकण्याची त्याला सवय असते, आणि इथे तर दर थोड्या वेळाने आपण पुन्हा पहिल्याच उंबरठ्यावर येऊन उभे राहतो. कोल्हापूरच्या श्रोत्याला मात्र हीच रीत घरची आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात इथे राहिले, त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँसाहेबांनी इथेच अनेकांना तालीम दिली, मल्लिकार्जुन मन्सूरांसारखा गवई त्या तालमीतून झळाळून निघाला, आणि त्या गायकीने इथल्या रसिकांना एक गोष्ट पक्की शिकवली : आवर्तन हा रिकामा साचा नसून त्यातली प्रत्येक मात्रा भरायची असते, आणि समेवर येणे म्हणजे थांबणे नव्हे. जयपूरच्या गवयाची तान एका आवर्तनातून दुसऱ्यात शिरताना जोड दिसू देत नाही. ब्राम्सच्या या भागात नेमके तेच घडते. बहुतेक ठिकाणी एका आवर्तनाचा शेवटचा स्वर लांबत नाही. तो येतो न येतो तोच पुढच्या आवर्तनाची मांडणी सुरू झालेली असते, आणि हिशेब ठेवणाऱ्या श्रोत्याला बोट उचलायला उसंत मिळत नाही.

अर्थात हे साम्य एका मर्यादेपर्यंतच ताणावे. इथे काहीही उत्स्फूर्त नाही. कागदावर जे लिहिले आहे तेच, तसेच वाजते. शिवाय आपल्याकडे ठेका तबल्यावर कायम ऐकू येतो, तर ब्राम्सची आठ स्वरांची ओळ दरवेळी जागा बदलते. सुरुवातीला ती फुंकवाद्यांच्या वरच्या ओळीत ठळक असते, थोड्याच वेळात ती चेलो आणि डबल बेसच्या तळात उतरते आणि वर व्हायोलिने भलतीच सुरेल चाल वाजवू लागतात, पुढे कुठे ती मधल्या वाद्यांत बुडते, तर कुठे फक्त स्वरमेळाच्या हालचालीतून तिची चाहूल लागते. ठेका लपलेला आहे आणि तो आपण मनात धरून ठेवायचा आहे, असे समजून ऐकले की या भागाची गंमत कळते. इथेच क्लायबरच्या कामाची थोरवी आहे. त्याने वाद्यवृंदाचा आवाज असा काही पारदर्शक ठेवला आहे की वरची व्हायोलिने कितीही उसळली तरी तळातले डबल बेस आणि मधले व्हायोला दिसेनासे होत नाहीत. अनेक नावाजलेल्या ध्वनिमुद्रणांत या ठिकाणी एक जाडसर, गडद तपकिरी गोळा ऐकू येतो आणि त्यालाच ‘ब्राम्सचा खास आवाज’ म्हणण्याची पद्धत आहे; क्लायबरने ती पद्धत झुगारून दिली.

या भागातले बारावे आवर्तन (मूळ आवर्तन न मोजता) तर बैठक मारून ऐकावे असे आहे. तोवर लय एकसारखी पुढे रेटत आलेली असते. इथे ब्राम्स प्रत्येक घरातल्या मात्रा दुप्पट करतो, म्हणजे २४ मात्रांचे आवर्तन ४८ मात्रांचे होते, मात्रेचा वेग मात्र तोच राहतो. आणि या अचानक पसरलेल्या जागेत एकटी फ्लूट येते. तिच्याखाली तंतुवाद्ये आणि हॉर्न मात्रेवर न पडता मात्रेच्या मागून हलके ठोके देत राहतात, आणि फ्लूट श्वास घेत, थांबत, वर चढू पाहत आणि पुन्हा खाली येत बोलत राहते. आठ स्वरांची ओळ इथे जवळजवळ विरघळलेली असते, पण शोधली तर सापडते. पुष्कळ कंडक्टर इथे मुळातच लांबलेल्या आवर्तनाची लयही आणखी सैल सोडतात, आणि मग श्रोत्याचा हिशेब सुटतो. क्लायबर मात्रा सोडत नाही. तो वादकाला पुरेशी मोकळीक देतो, पण आत कुठे तरी तीच नाडी चालू आहे हे जाणवत राहते, आणि त्यामुळे ही फ्लूट करुण वाटत असूनही कधी रडवी होत नाही. पुढची आवर्तने मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधाराच्या उजेडात जातात. चौदाव्यात ट्रॉम्बोन वाजू लागतात. वरातीच्या बँडमुळे ज्यांना ट्रॉम्बोन ठाऊक आहे त्यांना तो इतक्या हळू, प्रार्थना पुटपुटल्यासारखा वाजू शकतो यावर विश्वास बसणार नाही. ब्राम्सने या वादकांना पहिले तिन्ही भाग नुसते बसवून ठेवले आहे, हे कळल्यावर त्यांच्या त्या पुटपुटण्याचे वजन आणखी वाढते.

पंधरावे आवर्तन जवळजवळ थांबते, आणि सोळाव्याला मूळ आवर्तन पुन्हा जसेच्या तसे फुंकवाद्यांतून उभे राहते. चार स्वर होतात न होतात तोच तंतुवाद्ये वरून खाली अशी कोसळतात की पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. माझ्या मते सबंध ध्वनिमुद्रणातली ही सर्वश्रेष्ठ जागा आहे, आणि ती केवळ जोराने वाजवल्यामुळे परिणामकारक झालेली नाही. आधीच्या शांततेत क्लायबरने लय मरू दिलेली नाही, म्हणून हा कोसळण्याचा क्षण बाहेरून आदळत नाही. तो आतून फुटल्यासारखा वाटतो. शेवटून दुसऱ्या आणि शेवटच्या आवर्तनात एक कारागिरी दडलेली आहे, ती पहिला भाग ऐकून झाल्यावरच कळते, म्हणून आता पहिल्या भागाकडे वळणे भाग आहे.

पहिला भाग कसलीही प्रस्तावना न करता सुरू होतो. ब्राम्सने आरंभी चार घरांची एक छोटी प्रस्तावना लिहून पाहिली होती आणि नंतर स्वतःच खोडली. व्हायोलिने दोन-दोन स्वरांचे तुकडे टाकत जातात, एक खाली, एक वर, आणि प्रत्येक तुकड्यानंतर छोटासा विराम. हे सगळे स्वर सलग मांडले तर लक्षात येते की ही तिसऱ्या-तिसऱ्या स्वरावर उतरत जाणारी एकच साखळी आहे, अर्ध्या ठिकाणी सप्तक बदलून तिला चालीचे रूप दिले आहे. हान्स्लिक ज्याला बदडणे म्हणाला ते हेच : इतकी गाणारी चाल आणि तिच्या पोटात इतका कोरडा हिशेब. संगीतकार ह्युगो वोल्फने तर कल्पना नसताना रचना करण्याची कला ब्राम्सइतकी कोणाला साधलेली नाही, अशा आशयाची जळजळीत टीका छापून आणली. मला वोल्फची गाणी अतिशय प्रिय आहेत, पण या बाबतीत त्याचा कान पूर्वग्रहाने बधिर झाला होता, असेच म्हणावे लागते. एका साध्या साखळीतून पाऊण तासाच्या आसपासची इमारत उभी करणे ही कल्पनेची वानवा असेल, तर एका रागाच्या आरोह-अवरोहातून दीड तासाची मैफल रंगवणाऱ्या गवयांनाही तोच दोष द्यावा लागेल. चौथ्या भागाच्या शेवटच्या दोन आवर्तनांत तिसऱ्या-तिसऱ्या स्वरांची हीच साखळी आठ स्वरांच्या ओळीवर चपखल बसून परत येते. ब्राम्स तिकडे बोट दाखवत नाही आणि क्लायबरही ती मुद्दाम वर काढून दाखवत नाही, पण ती ऐकू येईल इतकी जागा तो ठेवतो.

क्लायबरचा पहिला भाग तेरा मिनिटांच्या आत संपतो. त्याची लय चपळ आहे, पण घाईची नाही. मुख्य चाल परत येण्याची जागा इथे विशेष लक्ष देऊन ऐकावी : तीच चाल फुंकवाद्यांत अतिशय लांबवलेल्या स्वरांत, अगदी दबक्या आवाजात येते, मधूनमधून तंतुवाद्ये धुक्यासारखी पसरतात, आणि आपण परतलो आहोत हे श्रोत्याला कळते तेव्हा चाल अर्धी होऊन गेलेली असते. समेची जागा दिसू न देता समेवर येण्याची ही किमया आहे. भागाचा शेवट टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांच्या जड घावांनी होतो, आणि इथे क्लायबर जो उग्रपणा आणतो तो काही श्रोत्यांना जास्त वाटेल. मला तो आवडतो.

दुसऱ्या भागाची सुरुवात दोन हॉर्न करतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक आजही जुन्या धाटणीचा खास व्हिएनीज हॉर्न वापरतात. तो वाजवायला अवघड आणि चुकायला सोपा आहे, पण त्याचा नाद गोल आणि गाभ्याचा असतो. त्यांनी वाजवलेली ही ओळ फ्रिजियन नावाच्या जुन्या स्वरसप्तकातली आहे, म्हणजे आपल्या भैरवी थाटाचेच स्वर. भैरवी म्हटली की आपण चपला शोधू लागतो, आणि इथे तर अजून निम्मीदेखील मैफल झालेली नाही. पण चार घरांतच क्लॅरिनेट त्याच चालीला शुद्ध गंधाराकडे नेतात, खाली तंतुवाद्ये बोटांनी छेडली जातात, आणि भैरवीचा रंग नुसता मागे रेंगाळत राहतो. या भागात पुढे चेलोंना मिळालेली चाल ब्राम्सने लिहिलेल्या सर्वांत उदार चालींपैकी एक आहे. माझी या ध्वनिमुद्रणाबद्दलची पहिली तक्रार इथे येते. क्लायबर या चालीला पुरेसे सावकाश बसू देत नाही. तिच्यातले पुढे सरकणे त्याला इतके महत्त्वाचे वाटते की तिचे तृप्त होणे थोडे राहून जाते. लेनर्ड बर्नस्टीनने त्याच वाद्यवृंदाकडून पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, हा भाग बराच संथ वाजवून घेतला आहे, आणि त्याचे बाकीचे भाग मला जड वाटत असले तरी हा भाग मी त्याच्याकडेच ऐकतो.

तिसऱ्या भागाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो उसळता, दांडगा आणि सहा मिनिटांच्या आसपास आटोपणारा आहे. त्यात ट्रायँगल हे किणकिणणारे धातूचे त्रिकोणी वाद्य आणि पिकोलो ही चढ्या सुराची छोटी फ्लूट येतात, आणि काल्बेकला तो नकोसा का वाटला असेल याचा अंदाज करता येतो. पण चौथ्या भागाच्या काळोखात शिरण्यापूर्वी हा लख्ख उजेड आवश्यकच होता.

ध्वनिमुद्रणाच्या दर्जाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. हे डिजिटल तंत्राच्या अगदी आरंभीच्या काळातले काम आहे, आणि त्या काळातल्या बहुतेक मुद्रणांप्रमाणे यातही वरच्या पट्टीत थोडा करकरीतपणा आहे. तिसऱ्या भागातला ट्रायँगल आणि चौथ्यातली पितळी वाद्ये चढा आवाज ठेवल्यास टोचतात. नंतरच्या काळात ‘ओरिजिनल्स’ मालिकेत निघालेल्या सीडीत हा दोष पुष्कळ सौम्य झाला आहे, तेव्हा निवड असेल तर ती आवृत्ती घ्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे, या तबकडीवर ही एकच रचना आहे आणि ती चाळीस मिनिटांच्या आसपास संपते. सीडीत जवळजवळ तेवढीच जागा रिकामी राहते, आणि हिशेबी ग्राहकाला ते खटकेल. मला स्वतःला चौथ्या भागानंतर दुसरे काही ऐकावेसे वाटत नाही, म्हणून या रिकामपणाची मी तक्रार करत नाही.

ऐकण्याच्या साधनाबद्दलही एक व्यावहारिक सूचना देतो. मोबाइलच्या स्पीकरवर हा चौथा भाग ऐकू नये. वर सांगितल्याप्रमाणे आठ स्वरांची ओळ बराच काळ चेलो आणि डबल बेसमध्ये असते, आणि मोबाइलचा स्पीकर नेमका तोच थर गिळतो. म्हणजे ज्याच्यावर सगळा खेळ आहे ते आवर्तनच नाहीसे होते आणि उरतो तो व्हायोलिनचा अर्थहीन गलका. ‘कळत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींची अडचण संगीताची नसून स्पीकरची असते, असा माझा अनुभव आहे. साधे पण बऱ्या प्रतीचे हेडफोन पुरतात. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी शफलची सोय आधी बंद करावी, कारण त्या यंत्रणेच्या लेखी सिंफनीचे चार भाग ही चार सुटी गाणी असतात.

क्लायबर या माणसाविषयी दोन शब्द सांगितल्याखेरीज या तबकडीचे मोल कळणार नाही. तो १९३० मध्ये बर्लिनला जन्मला. त्याचे वडील एरिश क्लायबर हे मोठे कंडक्टर. आल्बान बेर्ग या संगीतकाराच्या ‘लुलू’तील तुकडे वाजवल्यानंतर नाझी राजवटीशी खटका उडाला आणि त्यांनी १९३४ मध्ये बर्लिन ऑपेराचा राजीनामा दिला. कुटुंब पुढे अर्जेंटिनात गेले आणि कार्लचा कार्लोस झाला. वडिलांनी त्याला रसायनशास्त्र शिकायला झ्युरिकला पाठवले, पण ते टिकले नाही, आणि १९५४ मध्ये त्याने टोपणनावाने का होईना कंडक्टर म्हणून सुरुवात केली. मोठ्या गवयाच्या घरात जन्मलेल्या मुलाची कोंडी आपल्याकडे नवी नाही. क्लायबर तिच्यातून बाहेर पडला तो कमीत कमी काम करून. बीथोव्हेनच्या पाचवी आणि सातवी, शुबर्टच्या तिसरी आणि आठवी आणि ब्राम्सची ही चौथी एवढ्याच सिंफनी त्याने स्टुडिओत ध्वनिमुद्रित केल्या. त्याशिवाय मोजके ऑपेरा. तो अमाप तालमी मागत असे, अटी न मानल्या गेल्या तर कार्यक्रम सोडून देत असे, आणि २००४ मध्ये गेला तेव्हा त्याच्यामागे उरलेला ऐवज एका लहानशा कप्प्यात मावेल एवढाच होता. त्या कप्प्यातही मी बीथोव्हेनच्या पाचवीच्या शेजारी ही तबकडी ठेवतो.

आणखी एक गोष्ट या ध्वनिमुद्रणाच्या बाजूने सांगण्यासारखी आहे. ७ मार्च १८९७ रोजी व्हिएन्ना फिलहार्मोनिकने हान्स रिश्टरच्या नेतृत्वाखाली मुझीकफेराइनमध्ये हीच सिंफनी वाजवली, तेव्हा आजाराने खंगलेला ब्राम्स सभागृहात बसलेला होता आणि प्रत्येक भागानंतर लोक उठून त्याच्याकडे पाहत टाळ्या वाजवत होते. ३ एप्रिलला तो वारला. क्लायबरसमोर बसलेला वाद्यवृंद तोच, सभागृहही तेच. परंपरा हा शब्द आपण सैल हाताने वापरतो. इथे मात्र एका वादकाने पुढच्याला शिकवत, हॉर्नच्या नळीची रचनाही न बदलता, ती ८३ वर्षे सांभाळलेली आहे.

पर्याय म्हणून विल्हेल्म फुर्टव्हेंग्लरचे बर्लिन फिलहार्मोनिकसोबतचे १९४८ चे थेट मैफलीतले मुद्रण ऐकावे. त्यात आवाज जुनाट आहे आणि लय इतकी खालीवर होते की २४ मात्रांचा हिशेब ठेवणाऱ्याची पंचाईत होते, म्हणून ते पहिल्यांदा ऐकू नये; आवर्तन अंगात मुरल्यावर ऐकले तर क्लायबरने जे नाकारले ते काय होते हे समजते. कंडक्टरचे हात पाहण्याची इच्छा असेल तर क्लायबरचीच १९९६ मधली म्युनिकची चित्रफीत उपलब्ध आहे, ज्यात त्याने बव्हेरियन राज्य ऑपेराच्या वाद्यवृंदाकडून ही सिंफनी वाजवून घेतली आहे. १९८० मधला ताठपणा तिथे थोडा ओसरला आहे, दुसऱ्या भागातल्या चेलोंना मला हवी तशी सवड मिळाली आहे, आणि बाराव्या आवर्तनात तो काठी जवळपास न हलवता फ्लूटवादकाकडे पाहत उभा राहतो. पहिली खरेदी मात्र १९८० चीच करावी, आणि तिच्यातही चौथा भाग आधी, मात्रा मोजत, दोनदा ऐकून मग पहिल्याकडे यावे.